न निवडलेले शंभर दाणे

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि माझा स्वभाव तापट आहे, या दोन्ही गोष्टी बेंबळीत सगळ्यांना ठाऊक आहेत. घरात मात्र माझं विज्ञान कुणी विचारत नाही. बियाण्याचा कारभार सासूबाईंचा. सोयाबीनची मळणी झाली की त्या बियाची पोती वेगळी काढतात आणि मृगाच्या आधी उगवण तपासतात. ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळून सावलीला ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं, आणि आठवड्यानं किती मोड आले ते मोजायचं.

गेल्या उन्हाळी सुट्टीत त्यांचे शंभरातले ब्याण्णव उगवले. माकणीच्या त्यांच्या धाकट्या बहिणीनं दोन पोती आधीच नेली होती. तिचं चार एकर रान याच बियावर होतं, दुसरं बी तिनं बघितलंसुद्धा नव्हतं.

"दुकानातल्या पिशवीला तरी येतंय का एवढं?" सासूबाई मला म्हणाल्या. लई खुशीत होत्या.

मीही खूश झाले असते. पण दुसऱ्या पोत्याचे दाणे मोजायला त्या बसल्या तेव्हा मी शेजारीच लसूण सोलत होते. सत्तावीस, अठ्ठावीस... बोट एका चिरलेल्या दाण्यापाशी आलं, त्याला बाजूला उडवलं, आणि पुढचा टपोरा दाणा एकोणतिसावा झाला.

"आत्या, तो का टाकला?"

"कुठला?"

"आत्ता उडवला तो!"

"म्या न्हाय बाई उडवला."

त्या खोटं बोलत नव्हत्या. चाळीस वर्षं सुपात धान्य निवडलेली बोटं ती, किडका-फुटका दाणा लागला की आपोआप बाजूला सारायची. त्यांना कळतही नव्हतं. माझं मात्र डोकं फिरलं. "अहो, पेरताना ट्रॅक्टर दाणे निवडत बसणार आहे का?" मी जरा जोरातच म्हणाले. त्या तोंड फिरवून आत गेल्या.

मग मी माझी चाचणी लावली. शंभरात एक्केचाळीस. बारदाना त्यांच्यापुढं पसरताना मला केवढा आनंद झाला होता, सांगायलाही लाज वाटते.

त्यांनी शांतपणे विचारलं, "बी कुठनं घेतलंस?"

"पोत्यातनंच की."

"पोत्याच्या कुठनं?"

एका पोत्याचा खालचा कोपरा उसवला होता. तिथूनच मी ओंजळभर काढलं होतं. चुरा आणि फुटकं सगळं तळाशीच बसतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

"मास्तरीणबाई, तुला माझं बी नापासच करायचं व्हतं," त्या म्हणाल्या. मला भयंकर राग आला, कारण ते खरं होतं. उत्तर आधी ठरवून प्रयोग करू नये, असं मी दरवर्षी आठवीच्या फळ्यावर लिहिते.

दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी मीच त्यांच्यापाशी गेले. "आत्या, असं करू. तुमच्याही मनानं नको आणि माझ्याही नको."

"मग काय देवाच्या मनानं?"

"तसंच समजा."

प्रत्येक पोत्यातून वरून, मधून, खालून एकेक तांब्या बी काढलं आणि चादरीवर कालवलं. ताटानं ढिगाचे दोन भाग केले, एक परत पोत्यात ओतला. उरलेल्याचे पुन्हा दोन. असं मूठभर उरेपर्यंत. मग कडेपासून येतील तसे शंभर मांडायचे, सुरकुतलेला असो की फुटका, एकही सोडायचा नाही. सासूबाईंची बोटं वळवळायला लागली. "हात मागं घ्या," मी म्हणाले, आणि त्यांनी खरंच दोन्ही हात पदराखाली घेतले. पहिल्यापासून सगळं परत करून दुसराही बारदाना लावला. दोन्हींना सावली एकच आणि पाणीही सारखंच.

आठवड्यानं एकात साठ उगवले, दुसऱ्यात बासष्ट. सासूबाईंनी स्वतः दोनदा मोजले.

"आपलं दाट पेरता यील. पर माकणीला गेलंय त्याचं काय?"

"फोन करा ना मावशींना."

"आसलं फोनवर सांगत न्हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही माकणी गाठली. मावशींनी पाणी दिलं. सासूबाईंनी तांब्या हातात तसाच धरला आणि ओसरीवर बसता बसताच सांगून टाकलं, "माझं बी शंभराला साठच हाय. ब्याण्णव म्हणलं ते म्या निवडून मोजलेलं. एकरी पाच किलो वाढव, वरचं बी म्या पाठवते. न्हायतर दुसरं बघ."

मला वाटलं, मावशी चिडतील. पण त्या खाली बघत म्हणाल्या,

"आक्का, गेल्या साली बी तुझंच व्हतं. लई पातळ उगवलं. म्या म्हणलं, आक्काचं बी कदी खोटं ठरायचं न्हाय. ट्रॅक्टर खोल घातला म्हणून ह्यांनाच हंगामभर बोलत बसले."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"वाटू द्यायचं व्हतंस की गं," त्या म्हणाल्या. "म्या औंदा नीट मोजलं असतं."