तालमीचं गाव आणि बाळंतपणाची खोली

नर्सच्या बॅगेत औषधं कमी आणि किस्से जास्त! औषधं संपली की इंडेंट पाठवा, महिनाभर वाट बघा. किस्से मात्र न मागता येतात. धुळ्याला ट्रेनिंग करून मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात लागले, तेव्हा माझं वय एकवीस. बाळंतपणं, सासवा आणि निवडणुका, तिन्ही मी त्या एकाच गावात शिकले.

*

दर गुरुवारी अमळनेरहून डॉक्टर यायचे. एकदा एक सासू सुनेला घेऊन आली. सून पांढरीफटक. डॉक्टरांनी सुनेला विचारावं आणि सासूनं उत्तर द्यावं!

"भूक लागते का?"

"बहू लागस!" सासू म्हणाली.

"झोप येते?"

"तिले दुसरं काम काय शे!"

डॉक्टर वैतागले. "बरं, आता जीभ दाखवा."

सासूनं स्वतःची जीभ बाहेर काढली!

डॉक्टरही वस्ताद. रक्तवाढीच्या गोळ्या त्यांनी सुनेच्या हातात दिल्या आणि सासूला म्हणाले, "तुमची जीभ एकदम ठणठणीत आहे. थोडी विश्रांती द्या तिला."

*

आमचं उपकेंद्र म्हणजे ग्रामपंचायतीची अर्धी खोली. मध्ये चादरीचा पडदा. एका दुपारी पलीकडे पंचायतीची मीटिंग चाललेली आणि अलीकडे गजराबाईला कळा सुरू झाल्या. तिचा नवरा बुधाभाऊ गावातला नावाजलेला पैलवान आणि पंचायतीचा मेंबर.

सोनाअक्का, गावची जुनी सुईण, पडद्यातून डोकं काढून ओरडली, "उठा रे बठ्ठा! बाहेर व्हा!" सगळे मेंबर मुकाट्यानं ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळानं बाळ रडलं, तसं ग्रामसेवकानं प्रोसीडिंग बुकात लिहिलं, "सभेस एक इसम उशिरा हजर."

बुधाभाऊ गावभर सांगत सुटला, "मनी बायको वाघीण शे! हूं नही का चूं नही!"

कशी करणार हूं की चूं? दाराशी गावची पुरुषमंडळी बसलेली. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. तो बोळा मीच काढला. मला त्या दिवशी फार राग आला होता, आणि खरं सांगते, अजून आहे.

*

पुढे जिल्हा परिषदेची निवडणूक आली. उमेदवार दोन. पहिला म्हणाला, "गावाला तालीम बांधून देतो." टाळ्याच टाळ्या! दुसरा म्हणाला, "बाळंतपणाची वेगळी खोली बांधतो, चार भिंती, दार, कडी." पुरुष हसायला लागले.

मागं बायकांत बसलेली सोनाअक्का उठली. "पयलवान काय झाडले लागतस का रे? पयले त्यास्ले जलमू तर द्या!"

सगळी सभा हसली. पण बुधाभाऊनं माईक धरला आणि गावाच्या वतीनं शब्दच देऊन टाकला, "आमना गावनं एकेक मत तालीमले!"

*

मतदानाच्या दिवशी शाळेत बायकांच्या बोटाला शाई लावायची ड्युटी माझ्याकडे आली. आता मला बघितल्यावर बायकांना काय आठवणार? सुई! पहिलीनं चोळीची बाही सरकवून दंडच पुढे केला.

"अगं, बोट दे."

"बोटले सुई? माय वं!"

दुसरी माझ्या कानाशी लागली. शाईचा संबंध तिनं थेट कुटुंबनियोजनाशी जोडला होता. "बाई, हाई लावी की कितला साल पोरं होत नहीत?"

आमचे केंद्राध्यक्ष पुण्याकडचे. त्यांना फक्त "कितला साल" एवढंच ऐकू गेलं. ते तिथूनच मोठ्यानं म्हणाले, "पाच वर्षं! मग पुन्हा यायचं!"

मी समोरच्या बायकांना तिथल्या तिथे खरं काय ते सांगितलं. पण ज्या घरी पोचल्या होत्या त्यांचं तोंड कोण धरणार? दुपारनंतर बायकांची रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली! पुढचे आठ दिवस मी घरोघरी फिरून समजावत होते. त्यातल्या तिघी नंतर खऱ्या उपायाची चौकशी करायला आल्या, त्यामुळे मला केंद्राध्यक्षांवर रागावता काही आलं नाही.

*

खोली झाली. दार, कडी, सगळं झालं. पण सांगायचंय ते निकालाच्या दुसऱ्या दिवसाचं.

आमच्या गावच्या पेटीतून खोलीवाला भरघोस मतांनी पुढे निघाला होता. बुधाभाऊची चारचौघांत पार शोभा झाली. त्यानं गावातल्या एकूण एक पुरुषाला शपथ घालून विचारलं. सगळे म्हणाले, "तालीम!" मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

गजराबाई बाळाला लस द्यायला माझ्याकडे आली होती. तो मागोमाग आला आणि माझ्यासमोरच दरडावला, "खरं सांग, तू मत कोनले दिधं? नाव सांग त्यानं!"

गजरानं डोक्यावरचा पदर सारखा केला, बाळाला खांद्यावर घेतलं आणि खाली मान घालून हळूच म्हणाली,

"लगन झायं तवपासून तुम्हनं नाव मी कधी लिधं नही. परका माणूसनं कसं लिसू?"