शेजाऱ्यांच्या कमरेचं पिस्तूल

अमेरिकेत बॉथेलला राहायला गेलो तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती. नवरा ऑफिसात, त्यामुळे मुलीला सॉकरच्या प्रॅक्टिसला शेजारचे गृहस्थ न्यायचे, त्यांच्या मुलीबरोबर. अमेरिकन, मितभाषी आणि कधीही मदतीला येणारा माणूस.

एका शनिवारी आमच्या नव्या कपाटाचं खोकं आत घ्यायला ते आले. वाकले तसा त्यांचा शर्ट वर सरकला आणि कमरेला लावलेलं पिस्तूल मला दिसलं. माझ्या हातातून खोकं सुटलंच. त्यांनी शर्ट खाली ओढला आणि सहज सांगितलं की लायसन्स आहे, ते नेहमीच जवळ असतं. नेहमी म्हणजे गाडीतही आणि मैदानावरही.

नवऱ्याचं म्हणणं पडलं की इथे ते कायदेशीर आहे, आपण व्हिसावर आलेली माणसं, शेजाऱ्यांशी वाकडं कशाला घ्यायचं. कायदेशीर आहे हे मलाही कळत होतं. पण मुलगी माझी बसत होती त्या गाडीत, आणि मला कुणी विचारलं नव्हतं. इथे आयुष्य काढलेल्या ओळखीच्या एका काकूंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, सवय होते. मी आणखीच चिडले.

शेवटी मीच शेजारी गेले. मुली गाडीत असताना पिस्तूल घरी ठेवाल का, असं विचारलं. त्यांचा चेहरा उतरला.

"मुली असतात म्हणूनच तर ते बरोबर ठेवतो," ते म्हणाले.

ते भांडले असते तर मलाही भांडता आलं असतं. मी आभार मानून परत आले आणि स्वतःवरच चडफडत राहिले.

मी ड्रायव्हिंग शिकेपर्यंत मुलीची प्रॅक्टिस बंद ठेवली. "बट ही इज नाइस, आई," एवढंच बोलून ती खोलीत निघून गेली. ते चांगलेच होते, तीच तर अडचण होती.

गाडीचं लायसन्स मिळाल्यावर मी तिला स्वतः न्यायला लागले. मैदानाच्या कडेला पालक खुर्च्या टाकून बसायचे. मी मॅच बघायची सोडून त्यांची जॅकेटं न्याहाळायचे. कुणाकडे आहे, कुणाकडे नाही? विचारणार तरी कुणाकुणाला?

पुढच्या सीझनला मुलीनं सॉकर सोडून पोहणं निवडलं. मला हायसं वाटलं, आणि तसं वाटावं लागलं याचाही राग आला.