हुमनाबादला टाकी भरली

पुणे सोडताना आमच्या गाडीकडे पाहून शेजारच्या तीन बिऱ्हाडांनी तीन अंदाज केले. एकाला ती रक्तदानाची गाडी वाटली, दुसऱ्याला फिरतं वाचनालय, आणि तिसऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरात कोण आजारी आहे? खरं सांगायची मला लाज वाटली. आमच्या यजमानांनी निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष एका शाळेच्या मोडीत निघालेल्या मिनीबसमध्ये संडास बसवण्यात घालवलं होतं.

याचं मूळ सासूबाईंच्या गुडघ्यात होतं. त्यांची थोरली बहीण बिदरला लेकाकडे अंथरुणाला खिळली होती आणि पत्रांमधून सारखी बोलावत होती. सासूबाईंना उकिडवं बसता येत नसे. पुणे-हैदराबाद रस्त्यावर त्या काळी विसाव्याची जागा म्हणजे ढाबा. पुरुषमंडळींना सगळं माळरान मोकळं, आणि बायकांना एखादं बाभळीचं झुडूप, तेही बहुतेक दुसऱ्या कुणी आधीच धरलेलं. "बहिणीला भेटायचंय मला," सासूबाई म्हणाल्या, "पण वाटेत बसू कुठे?" ह्यांनी आयुष्यभर कारखान्यात बॉयलर सांभाळलेले. आईचा प्रश्न त्यांनी तसाच सोडवला. बसमध्ये खुर्चीसारखं भांडं, वर पाण्याचं पिंप, खाली चेसीला वेल्डिंग केलेली पत्र्याची टाकी, टाकीला चावीचा व्हॉल्व्ह. दोन बाकं, एक स्टोव्ह आणि फिनेलचा डबा. टाकी रिकामी कुठे करायची, असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "एवढा मोठा देश पडलाय."

जानेवारीत निघालो. सोलापूरपर्यंत सगळं सुरळीत झालं. उमरग्याला चहासाठी थांबलो, तिथे एक एस.टी. नादुरुस्त होऊन उभी होती आणि तिच्यातल्या बायका रस्त्याच्या कडेला चेहरे पाडून बसल्या होत्या. त्यांना काय झालंय हे सासूबाईंनी क्षणात ओळखलं. त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि हळदीकुंकवाला बोलवावं तशा एकेकीला आत बोलावू लागल्या. लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, एक नवी नवरी, सगळ्या ओळीने आल्या. जाताना एकीने सासूबाईंच्या पाया पडून घेतलं. हे चहा संपवून आले तेव्हा अर्धी बस हलकी झालेली होती. टाकीचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला.

हद्द ओलांडली हे फक्त पाट्यांवरून कळलं. अक्षरं गोल झाली, बाकी तूर तीच, ज्वारी तीच, खड्डेही तेच. अशाच एका खड्ड्यात हुमनाबादच्या अलीकडे गाडीखाली मोठा आवाज झाला आणि मागची बाजू एकीकडे कलली. मागच्या चाकावरच्या पाट्याचं, म्हणजे स्प्रिंगचं, एक पान तुटलं होतं. कलत्या गाडीने रांगत आम्ही हमरस्त्यावरच्या एका ढाब्यापर्यंत पोहोचलो.

ढाबा चांगला होता. लॉऱ्यांची रांग, लिंबाखाली बाजा, गरम भाकरी आणि पुंडीपल्ल्या (आपली अंबाडीची भाजी, पण लसूण हात सैल सोडून). मालकाला सगळे अप्पा म्हणत. त्यांनी शेजारच्या गॅरेजातल्या चाचांना हाक मारली. चाचा गाडीखाली वाकले. वैद्याने पोटावर टिचकी मारावी तशी त्यांनी पान्याने टाकीवर टिचकी मारली, आवाज ऐकला, आणि ह्यांना विचारलं, "इसमें क्या है?"

हे म्हणाले, "सांडपाणी."

चाचांनी नाक जवळ नेलं आणि लगेच परत आणलं. "इसके वजन से पाटा टूटा है. पैले इसको खाली करो. बाद में मैं नीचे घुसतौं." एवढं बोलून ते विडी ओढायला गेले.

मग जागेचा शोध सुरू झाला. ढाब्यामागे विहीर होती, म्हणून अप्पांनी हात जोडले. पुढे नाला होता, पण त्यात बायका धुणं धूत होत्या. एका लॉरीवाल्याने सल्ला दिला, गाडी पळवा आणि पळता पळता चावी सोडा, कुणाला कळत नाही. ह्यांनी मान डोलावून त्यावर विचार केलेला मी पाहिला. सासूबाई म्हणाल्या, "मागून येणाऱ्या गाडीतही कुणाची तरी आई बसली असेल."

शेवटी अप्पांनी आवाज खाली आणला. पाऊण कोसावर, हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर एक वस्ती आहे, तिथे जा, ते लोक करतील, पूर्वीपासून त्यांचंच काम ते. कोण लोक, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तिघांनाही कळलं होतं. मला तर सुटल्यासारखं वाटलं. एवढा वेळ ही घाण आमची होती, ती आता कुणाची तरी होणार होती.

गाडीवाटेने माणसाच्या चालीने निघालो. वस्तीत दहा-बारा घरं होती. पहिल्या घराच्या दारावर निळ्या रंगात पिंपळाचं पान काढलेलं. समोर खळ्यावर पस्तिशीची एक बाई तूर बडवत होती. तिचं नाव सुभद्रा, हे नंतर कळलं. ह्यांनी सफारीच्या खिशातून हात काढले, घसा साफ केला, आणि कारखान्यात कामगाराला सांगावं तशा नीट, सभ्य शब्दांत काम सांगितलं. मी मागे पर्स घेऊन उभी होते.

तिने बडवणं थांबवलं. "कोण सांगितलं तुमाला?"

"ढाब्यावरचे अप्पा."

"अप्पाला सांगा, आमी सोडलाव ते. माझ्या बापानं सोडलं तवा मी पाळण्यात होते. दीक्षा घेतलाव आमी." तिने काठी खाली ठेवली आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. "गाडी कुणाची?"

"आमची."

"आतलं केलेलं कुणाचं?"

सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "आमचंच, बाई. त्यात उमरग्याच्या एस.टी.चं पण थोडं आहे."

सुभद्रा हसली नाही. "मग हात बी तुमचेच लागतील की, अण्णा."

मला वाटलं, आता निघावं लागणार, आणि कलत्या गाडीत, भरल्या टाकीवर बसून रात्र काढावी लागणार. बिदरला वाट पाहणारी मावशी, खाली न घुसणारे चाचा, असं सगळं डोळ्यापुढून गेलं. पण ती घरात गेली आणि कुदळ-फावडं घेऊन आली. बांधाकडे बोट दाखवून तिने सांगितलं, तिथं खणा, हिर (विहीर) या अंगाला हाय, इकडं एक थेंब यायचा न्हाई. रानाला खत लागतंच. छातीएवढं खोल न्या, वर माती आणि राख टाका.

ह्यांनी सफारीचा कोट काढला. पंधरा मिनिटांत ते थांबून कमरेवर हात ठेवून आकाशाकडे पाहू लागले, म्हणून फावडं मी घेतलं. काळी माती वरून भुसभुशीत आणि खालून चिवट. लग्नाला तीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून काही खणलं नव्हतं. खळ्यावरून सुभद्राची काठी आपटत होती आणि मधून मधून तिची सूचना येत होती, अजून हातभर, कडा सरळ धरा. सासूबाई तिच्याजवळ पोत्यावर जाऊन बसल्या होत्या आणि गुडघ्याचं सांगत होत्या.

खड्डा झाल्यावर गाडी त्याच्यावर आणली, एक चाक अलीकडे, एक पलीकडे. चावी फिरेना. ह्यांनी पान्याने जोर लावला, शिव्या दिल्या (मी त्या पहिल्यांदाच ऐकल्या), मग खाली आडवे होऊन दोन्ही हातांनी पिळली. ती सुटली, पण एकदम. पुढचं सविस्तर सांगत नाही. हे बाहेर आले तेव्हा त्यांच्या विजारीचा रंग कुठला होता हे सांगणं अवघड होतं, आणि मी, सासूबाई, तीन घरांच्या दारांत उभ्या बाया, सगळ्या पदर तोंडाला लावून उभ्या होतो. काही वासाने, काही हसण्याने. सुभद्रा तेव्हा हसली. तिने बादलीभर पाणी लांबून त्यांच्या अंगावर ओतलं, दुसरी बादली ओतली, आणि म्हणाली, "आता कळलं न्हवं, काम कसलं असतंय?"

हे म्हणाले, "कळलं."

माती ओढून खड्डा बुजवला. ऊन चढलं होतं. माझा घसा कोरडा पडला होता. खळ्याच्या सावलीत झाकलेला माठ होता, आणि सुभद्राने तो आम्हाला दाखवला नाही. मी मनात म्हटलं, बाई माणुसकीची, पण एवढं कसं सुचत नाही? बराच वेळ मी वाट पाहिली. शेवटी मागितलं. "पाणी देता का?"

तिने लगेच तांब्या भरला. "मी होऊन इचारत न्हाई, अक्का. न्हाई म्हणलेलं ऐकायचा कंटाळा आलाय."

मी प्याले. हे प्याले. सासूबाई सोवळ्याच्या बायकांपैकी होत्या, घरी कामवालीने हंड्याला हात लावला तर हंडा घासून घेणाऱ्या. त्यांच्याकडे आमच्या कुणाचीच पाहायची हिंमत होईना. त्या बराच वेळ तांब्याकडे पाहत राहिल्या. मग हात पुढे करून त्यांनी ओंजळ धरली. सुभद्राने ओतलं नाही. "तांब्या घ्या, अव्वा. वंजळीत सांडतंय." सासूबाईंनी तांब्या घेतला. प्याल्या.

निघण्याआधी सुभद्राने ते आतलं दाखवा म्हणून सांगितलं. ती भांड्यावर झाकणासकट बसली, दार आतून लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आल्यावर तिने मला बाजूला घेऊन विचारलं, आतून लावायची कडी कुठून आणली. मग सांगितलं, आमी बाया पाटंच्या अंधारात रस्त्याच्या कडंला जातो. लॉरीचे दिवे पडले की उठून उभं ऱ्हायाचं, गेली की बसायचं, दुसरी आली की परत उभं ऱ्हायाचं. "एका टायमाला धा-धा बारी उठबस होतीय. कामून म्हणून इचारणारं न्हाई कुणी." मी हे सगळं हिशेबात घेतलेलं नव्हतं. अशाच रस्त्यांवरून जाताना कडेला पाठमोऱ्या उभ्या बाया मी कितीदा पाहिल्या होत्या, आणि मला वाटायचं, एस.टी.ची वाट पाहत असतील.

ह्यांनी सफारीच्या खिशातल्या एका कागदावर तिला खड्ड्याच्या संडासाचं चित्र काढून दिलं, मापांसकट. तिने ते उलटसुलट पाहिलं. "खड्डा मला कळतोय, अण्णा. तुमी आज शिकलाव. मला आडोशाचं सांगा."

चाचांनी संध्याकाळी पाटा बसवला. बिदरला मावशींकडे आठ दिवस राहिलो. दोघी बहिणी एका खाटेवर बसून साठ वर्षांपूर्वीच्या भांडणांचा निकाल लावत राहिल्या. किल्ला पाहिला, मदरशाच्या निळ्या फरशा पाहिल्या, बिदरी कामाचं एक पानदान घेतलं. परत निघताना सासूबाई म्हणाल्या, मी हिच्यापाशी राहते. बहीण आहे तोवर राहते. गाडी आम्हा दोघांची झाली.

हुमनाबादपाशी ह्यांनी गाडी वस्तीच्या वाटेला वळवली. टाकी जेमतेम चतकोर भरली होती. सुभद्रा घराच्या मागे होती. तिथे तिने खड्डा खणला होता, वर दोन फरशा टाकल्या होत्या, आणि भोवती कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून काथ्याने बांधत होती. दार म्हणून पोतं. कागदावरचं चित्र तिने वापरलं नव्हतं. हमरस्ता तिथून दिसत होता, वळणावर लॉऱ्या चढ चढताना थेट या बाजूला तोंड करत.

तिने ह्यांना फावडं दिलं आणि बांधाकडे धाडलं. मला म्हणाली, "अक्का, तुमी आत बसा. म्या रस्त्याला जाऊन बघते, दिसताव का."

मी शिक्षिका होते, सुशिक्षित होते, नेसणीला धुवट पातळ होतं. मी पोतं सरकवून आत गेले आणि दोन फरशांवर उकिडवी बसले. कडब्याला उन्हाचा गोड वास येत होता. पेंढ्यांच्या फटींतून उजेडाच्या रेघा माझ्या पातळावर पडल्या होत्या. एक लॉरी आली, चढाला घरघरली, गेली. मग दुसरी आली. मी उठले नाही.

बऱ्याच लांबून तिचा आवाज आला. "न्हाई दिसत तुमी, अक्का! बसा!"

घरी परतल्यावर बिदरचा किल्ला कसा आहे, हे सगळे विचारतात. चांगला आहे, मी सांगते, दगड भक्कम आहे, तट उंच आहेत. मग काही जणी घुटमळतात, आणि आवाज खाली आणून विचारतात, गाडीत ते आहे म्हणे, मग ते रिकामं करायला कुणी मिळतं का तिकडे? मी त्यांना आमच्या हातांचे घट्टे दाखवते.