झूटरमेरच्या गॅलरीत लास्ट पोस्ट

पायदळाच्या बँडमध्ये मी कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचा धाकटा भाऊ, वाजवायचो. सुभेदार म्हणून निवृत्त झालो. २०२० च्या सुरुवातीला महिनाभरासाठी मुलाकडे नेदरलँड्समधल्या झूटरमेरला आलो आणि विमानं बंद झाली. या पोस्टिंगची ऑर्डर कुणी काढलीच नव्हती, मग रिलीव्ह कोण करणार? मुलगा निखिल स्वयंपाकघरात मीटिंगमध्ये, सून मृणाल आतल्या खोलीत मीटिंगमध्ये. मी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत फेऱ्या मारायचो. निखिल विचारायचा, बाबा, गार्ड ड्यूटी लागली का?

शेजारच्या गॅलरीत वॉल्टर होता. काळा अमेरिकन, तिकडच्या लष्करातून निवृत्त, बायको डच. एका दुपारी त्याने ट्रम्पेट काढलं. पहिल्या चार सुरांत मी ओळखलं, त्यांचं राष्ट्रगीत. संयुक्त सरावात आम्ही ते पाहुण्यांसाठी वाजवलं होतं. मी सावधान. पण गडी सरळ वाजवेना. सूर ओढतोय, मध्येच थांबतोय, भलतीकडे जाऊन परत येतोय. संपलं की नाही तेच कळेना, आणि संपल्याशिवाय विश्राम कसा घेणार? पायाला मुंग्या आल्या. मृणाल काचेआड तोंडावर हात धरून हसत होती.

मी वॉल्टरला सुनावलं. आमच्याकडे राष्ट्रगीताचे सेकंद ठरलेले असतात. एक सूर हलला तर बँडमास्टर एक्स्ट्रा ड्रिल लावतो. तो रागावला नाही. म्हणाला, युनिफॉर्ममध्ये मीही कागदावरचंच वाजवलं. पण माझ्या आजोबांना तोंड उघडायची चोरी होती. बोलता येत नव्हतं ते त्यांनी चर्चमध्ये गायलं, मग रस्त्यावर फुंकलं. तेच पुढे साऱ्या अमेरिकेचं संगीत झालं.

"हा देश माझाही आहे, हे मला असं वाजवूनच सांगता येतं, सुभेदार."

मला पटलं नाही. शिस्त ती शिस्त.

उन्हाळा संपत आला. विमानं थोडीफार सुरू झाली, पण माझं वय पुढे करून निखिल सोडायला तयार नव्हता. अशातच साताऱ्याहून जुन्या बँडमधल्या नाईक मोरेचा फोन आला.

"साहेब, दत्तू गेला. कोरोना."

"बिगुल कुणी वाजवला?"

"अंत्यविधीला कुणालाच जाऊ दिलं नाही."

हवालदार दत्तू, क्लॅरिनेटवाला. लढाई लागली की बँडवाले वाद्यं ठेवून स्ट्रेचर उचलतात. पहाडावर स्ट्रेचरचं पुढचं टोक त्याच्याकडे असायचं, मागचं माझ्याकडे. शेलिंगमध्ये माझा पाय फुटला तेव्हा त्याने मला पाठीवर घेऊन खाली आणलं. असा माणूस बिगुलाशिवाय गेला. मला ते सहन होईना.

मी वॉल्टरकडे ट्रम्पेट मागितलं. निखिल म्हणाला, बाबा, दुसऱ्याचं तोंड लागलेलं वाद्य, या दिवसांत? वॉल्टरने माउथपीस उकळून पिशवीत घालून दिला. मी पदकं लावली आणि लास्ट पोस्ट, म्हणजे गेलेल्या सैनिकाला निरोप देणारी बिगुलाची धून, वाजवली. एक सूर इकडचा तिकडे केला नाही. समोरच्या इमारतीतली माणसंही उभी राहिली. तरी छातीवरचं ओझं हलेना.

वॉल्टरने विचारलं, "हे सैन्याचं झालं. त्याला स्वतःला काय आवडायचं?"

आयुष्यभर सलाम्या वाजवल्या, हे कुणी विचारलं नव्हतं.

लावणी. जखमी जवानाची शुद्ध हरपू नये म्हणून दत्तू उतारावर लावणी म्हणत चालायचा. मला आणलं तेव्हाही म्हणत होता. मध्येच दम घेऊन सांगायचा, "झोपायचं नाही, उस्ताद."

मी ट्रम्पेट पुन्हा ओठाला लावलं. छातीवर पदकं, टाचा जुळलेल्या, आणि लावणी. दुसऱ्या कडव्याला रडू फुटलं. सूर घसरला. मी तो घसरू दिला आणि वाजवत राहिलो.

हवालदार दत्तूला सलामी अशी दिली गेली.