राजाची घोडउडी

रविवार, १३ जानेवारी १९८५. सकाळी थंडी. हे इस्त्रीचा सदरा घालून क्लबाच्या बुद्धिबळ स्पर्धेला गेले. जेवणवेळेच्या कितीतरी आधीच परत.

एवढं लिहून कमलाक्षीने पेन थांबवलं. ओसरीवर तिचा नवरा जयराम बुद्धिबळाचे लाकडी मोहरे फडक्यात बांधत होता.

जयरामचा जन्म खाणीच्या ऑफिसात कारकुनी करण्यात गेला. खेळ तो वडिलांकडून शिकला, देशी पद्धतीने. त्यात राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. डिचोलीच्या क्लबाने स्पर्धा ठेवली आणि नियमांचं इंग्रजी पुस्तक दिलं. जयराम शिकला मराठी आणि पोर्तुगीज. इंग्रजी कमलाक्षीचं, कॉन्व्हेंटातलं. तिने वाचून सांगायला घेतलं. पहिल्या खेपेस प्याद्याला दोन घरं, इथवर आली, तोच बांगडेवालीने दारात हाक दिली.

"बाकी सगळं आपल्यासारखंच," म्हणत तिने पुस्तक मिटलं, ते मिटलंच.

आज समोर पोस्टातला पांडुरंग होता. जयरामने राजापुढचं प्यादं ऐटीत दोन घरं सरकवलं, मग घोड्यापुढचं एक घर, आणि तिसऱ्याच चालीला राजा उचलून त्या मोकळ्या जागी नेऊन बसवला. वडील डाव असाच मांडत.

"जयरामबाब, तुमचा राजा सर्कशीत होता काय?" पांडुरंगाने विचारलं. सगळे हसले. पंचांनी सांगितलं, उडी चालत नाही, पण हात लावला तो मोहरा हलवायलाच हवा. राजाला एकच घर मोकळं होतं, पुढचं. तो उघड्यावर आला आणि डाव तिथेच गेला.

"बाबांनी मला चुकीचं शिकवलं गो," फडक्याला गाठ मारत जयराम म्हणाला. "हे देऊन टाकतो कुणाला तरी."

मोहरे सासऱ्यांनी स्वतः कोरलेले. गप्प राहिली असती, तर वारलेले सासरे काही उलट बोलायला येणार नव्हते. तेच तिला सोसेना.

"मामंजींचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "उडी चालत नाही, ते पुस्तकात असणारच. मी पुढचं वाचलंच नाही. आणि तुम्हाला सांगितलं, सगळं आपल्यासारखंच."

जयरामने अंगणाकडे बघत विचारलं,

"आणखी काय राहिलं वाचायचं?"

तिने पुस्तक आणलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. तो तिच्याकडे न बघता ऐकत होता. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला, तरी तिला उठवेना.

संध्याकाळी सकाळच्या नोंदीखाली तिने लिहिलं: भात लागला. टोप भिजत घातलाय. रात्रीसाठी पदेराच्या भट्टीवरून पावाचे उंडे घेतले.