गगनराव वल्हवायला बसले

बांधकामावर त्यांना सगळे गगनराव म्हणत. वय बावन्न, उंची सहा फुटांना दोन बोटं कमी, आणि काम टॉवर क्रेन चालवण्याचं. सकाळी सातला शिडीला हात घालायचा, सत्तर मीटर वर काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसायचं, दोन हातांत दोन दांडे धरायचे आणि संध्याकाळी पाचला खाली यायचं. मधल्या वेळात सळयांचे भारे, काँक्रीटच्या बादल्या, खिडक्यांच्या चौकटी, जे लागेल ते इकडचं तिकडे करायचं. सव्वीस वर्षांत त्यांनी उचललेली वस्तू खाली टेकताना कधी दण्ण आवाज झाला नव्हता. खालचा सिग्नलवाला, म्हणजे वॉकीटॉकीवरून त्यांना दिशा सांगणारा माणूस, नव्या लोकांना म्हणायचा, "यांनी ठेवलेली टाकी खाली आली की नाही ते बघायला वाकावं लागतं."

पण या कामात हलतात ती मनगटं. बाकीचा माणूस खुर्चीत. जेवायला खाली यायचं तर परत सत्तर मीटर चढायचं, म्हणून गगनराव डबा वरच नेत. डब्याबरोबर बिस्किटांचे दोन पुडे, थर्मासभर गोड चहा. वाऱ्यामुळे काम थांबलं की चहा, हुक रिकामा असला की बिस्किट. अशी वर्षं गेली आणि पोट कधी पुढे निघून गेलं ते त्यांनाही कळलं नाही.

कळलं ते कंपनीच्या वार्षिक तपासणीत. डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं, आकडा लिहिला आणि विचारलं, "शिडीवर जो सुरक्षा पट्टा लावता, त्यावर किती वजन लिहिलंय?"

"शंभर किलो."

"आणि हा काटा काय म्हणतो?"

गगनरावांनी खाली बघितलं. "एकशे नऊ."

"चढताना थांबता का मध्ये?"

"दोनदा."

दारात उभा असलेला सिग्नलवाला छताकडे बघत म्हणाला, "चारदा." गगनरावांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो बाहेरच गेला.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्याने रक्तदाब घेतला, छाती तपासली, ईसीजीची पट्टी काढली आणि म्हणाला, "हृदय ठीक आहे. व्यायामाला हरकत नाही. चार महिने देतो. शंभरच्या आत या, मग वर जा. तोवर खाली स्टोअरमध्ये."

स्टोअर म्हणजे पत्र्याची खोली. हेल्मेट द्यायची, हातमोजे द्यायचे, दुपारी डबा तिथेच एकट्याने खायचा, संध्याकाळी सगळं परत घ्यायचं. गगनराव तिथे स्टुलावर बसले आणि पत्र्याच्या फटीतून आपलीच क्रेन दुसऱ्याने चालवताना बघत राहिले. बदलीचा चालक तरुण होता, हुशार होता, पण भार उचलताना हिसका द्यायचा. प्रत्येक हिसक्याला गगनरावांची मनगटं आपसूक हलायची.

घरी त्यांनी दोन दिवस काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी बायकोने धुवायला घेतलेला शर्ट नाकाशी धरला. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि न सांगता केलेल्या गोष्टी ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"ग्रीसचा वास नाही याला. तीन दिवस झाले. कुठे बसताय तुम्ही?"

गगनरावांनी सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. समोर बसली आणि म्हणाली, "बरं झालं. मी सांगून थकले होते. आता डॉक्टरचं तरी ऐका. कोपऱ्यावर जिम आहे."

"तिथे चारी भिंतींना आरसे आहेत. मी सव्वीस वर्षं एकट्याने काम केलंय. आरशासमोर, पोरांच्या घोळक्यात धापा टाकणं मला जमायचं नाही."

"मग घरात काहीतरी आणू."

ही बातमी तिच्या बहिणीकडे गेली आणि रविवारी साडू दारात हजर. साडूंना दर सहा महिन्यांनी नवा नाद लागायचा, आणि जुना नाद ते नातेवाइकांकडे पोचवायचे. या खेपेला त्यांनी एक थरथरणारा पाट आणला होता. विजेवर चालणारा.

"काही करायचं नाही," साडू म्हणाले. "यावर नुसतं उभं राहायचं. टीव्ही बघा, फोनवर बोला. चरबी आपोआप वितळते."

"तुमची वितळली?" गगनरावांच्या आईने खुर्चीतून विचारलं. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, कान तल्लख.

"मला तसा वेळ कुठे असतो, मावशी."

गगनराव आठ दिवस इमानेइतबारे त्या पाटावर उभे राहिले. उभे राहिले की गाल हलायचे, आवाज थरथरायचा, आणि आई मुद्दाम त्याच वेळी त्यांना प्रश्न विचारायची. नवव्या दिवशी वजन केलं. एकशे नऊ.

"तुझं पोट आहे तिथेच आहे," आई म्हणाली. "कपाटातल्या बशा मात्र चार बोटं पुढे आल्यात."

दुसऱ्या दिवशी गगनराव बायकोला घेऊन व्यायामाच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकान एका बाईंचं होतं. साठी ओलांडलेली, काटक, केस आखूड, गळ्यात शिटी नव्हती एवढंच. तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवून त्यांनी हे दुकान काढलं होतं.

गगनराव आत शिरले ते कोणाशी न बोलता सरळ पहिल्या ट्रेडमिलपाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि यंत्राच्या खालच्या अंगाला लावलेली पाटी वाचू लागले. मग दुसऱ्या यंत्राची. मग तिसऱ्या. बायकोला लाज वाटली. "अहो, काय शोधताय? लोक बघताहेत."

"किती भार झेलतं ते."

पी.टी.च्या बाई हातातलं काम टाकून आल्या. "ती पाटी वाचणारे तुम्ही पहिलेच. लोक रंग विचारतात, पडदा केवढा आहे विचारतात."

"हिची ताकद शंभरची. मी एकशे नऊ. हिच्यावर चढलो तर मी बारीक व्हायच्या आधी हीच मोडेल."

बाई हसल्या आणि त्यांनी दोघांना बसवलं. यंत्र दाखवायच्या आधी त्यांनी प्रश्न सुरू केले. गुडघे दुखतात का? कितव्या मजल्यावर राहता? खाली कोण राहतं? घरी किती वाजता पोचता, आणि पोचल्यावर पहिल्यांदा काय करता? छताची उंची किती? गगनरावांना वाटलं होतं, दुकानात गेलं की बोट दाखवायचं आणि घरी न्यायचं. इथे तर नोकरीची मुलाखत चालली होती.

"आता प्रत्येकावर वीस मिनिटं," बाई म्हणाल्या. "दोन मिनिटांत सगळीच यंत्रं छान वाटतात. एका दिवसात नको. रोज एक. कामावरून थकून या, तसेच या."

पहिल्या संध्याकाळी मजबूत ट्रेडमिल. गगनरावांचं पाऊल पडलं की दुकानाची फरशी दणदणायची. "तिसरा मजला म्हणालात," बाई म्हणाल्या. "खालचे लोक दोन दिवसांत वर येतील. आणि चालायचंच असेल तर बाहेर रस्ता आहे, त्याला वीज लागत नाही." दुसऱ्या दिवशी, दोन पायदाणांवर उभं राहून हातपाय एकदम चालवायचं उंच यंत्र. त्यावर चढल्यावर गगनरावांनी मनातल्या मनात घरचं छत आठवलं आणि मुकाट्याने उतरले. तिसऱ्या दिवशी सायकल. ती शांत होती, गुडघ्यांना बरी होती, पण बाराव्या मिनिटाला ते घड्याळाकडे बघू लागले आणि पंधराव्या मिनिटाला बैठक कुठे कुठे टोचते ते सांगू लागले.

चौथ्या दिवशी बाईंनी त्यांना कोपऱ्यातल्या एका लांबलचक यंत्रावर बसवलं. जमिनीलगत रूळ, रुळावर सरकणारी बैठक, समोर पट्ट्याला बांधलेला दांडा. पाय रोवायचे आणि होडी वल्हवल्यासारखं मागे सरकत दांडा ओढायचा. गगनराव बसले, दांडा हातात घेतला, आणि त्यांचा चेहरा बदलला. वीस मिनिटं झाली तेव्हा बाईंनी थांबवलं. ते घामाने निथळत होते.

"कसं वाटलं?"

"बसून दांडा ओढायचा. हे मला येतं."

त्यांनी वाकून पाटी वाचली. एकशे तीस. पण बाईंनी तरीही ते विकलं नाही. "सव्वादोन मीटर लांब आहे. घरी जा, मावेल तिथे खडूने तेवढा चौकोन आखा आणि आठ दिवस त्यात काही ठेवू नका. जमलं तर या."

बैठकीच्या खोलीत सोफा आणि खिडकी यांच्यामध्ये चौकोन आखला गेला. पहिल्या दिवशी सगळे त्याला वळसा घालून चालले. दुसऱ्या दिवशी बायकोने कपड्यांची टोपली त्यात ठेवली आणि सासूबाईंनी तिला हटकलं. तिसऱ्या दिवशी आईचीच खुर्ची चौकोनात सापडली. "इथे ऊन येतं," आई म्हणाली. मग सोफा एक फूट सरकवला, ऊन आईला मिळालं, चौकोन यंत्राला. नवव्या दिवशी यंत्र घरी आलं.

इथून पुढे सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. झालं नाही. रोज संध्याकाळी साडेसहाला गगनराव बसायचे आणि त्वेषाने ओढायचे. बिस्किटं बंद, चहातली साखर बंद, डबा बायकोच्या देखरेखीखाली. पहिल्या महिन्यात तीन किलो गेले. मग काटा हलेना, आणि कंबर अशी धरली की स्टोअरमध्ये खाली पडलेला हातमोजा उचलायला सुद्धा दुसऱ्याला हाक मारावी लागे. पाचव्या आठवड्यात ते यंत्राशेजारी नुसतेच बसून राहिले.

"स्टोअरमध्येच बरं आहे म्हणायचं," ते बायकोला म्हणाले. "बावन्न वर्षांचा झालो. खाली राहिलो तर काय बिघडलं?"

बायकोने आत जाऊन फोन केला. तासाभरात पी.टी.च्या बाई सायकलवरून आल्या, पायऱ्या चढून वर आल्या आणि दम न लागता म्हणाल्या, "बसा. करून दाखवा."

गगनराव बसले आणि दांडा धरून एकदम मागे खेचला. खांदे वर, पाठ कमानीसारखी, हात ताठ. बाईंनी दहा वेळा बघितलं. मग विचारलं, "तुम्ही क्रेनने दोन टनांचा भारा कसा उचलता? मला नीट सांगा."

"आधी दोराची ढील काढायची. दोर ताणला की थांबायचं, भार सरळ आहे ना ते बघायचं. मग हळूच जमिनीवरून सोडवायचा. हवेत आला की वेग द्यायचा."

"हिसका दिला तर?"

"हिसका? हिसका दिला तर दोर झिजतो, भार झोके घेतो, माणूस मरतो."

"मग स्वतःच्या कमरेनं काय घोडं मारलंय?"

 आधी आई हसली, मग बायको, आणि शेवटी गगनराव स्वतः, कंबर धरून.

बाईंनी चार दिवस विश्रांती घ्यायला लावली, मग शेजारी उकिडवं बसून शिकवलं. आधी पट्ट्याची ढील काढायची. मग पायांनी रेटायचं, सगळा जोर मांड्यांचा. पाय सरळ झाले की पाठ थोडी मागे, आणि हात सगळ्यात शेवटी. परत येताना घाई नाही. मिनिटाला अठ्ठावीस ओढी घेत होते, त्या वीसवर आणल्या. यंत्राचा आवाज बदलला. आधी खरडल्यासारखा यायचा, आता लांब श्वासासारखा. आईला तो आवडला. ती डोळे मिटून मोजायची आणि शंभरी झाली की मोठ्याने सांगायची, मध्ये तिला डुलकी लागली तर गगनरावांना फुकटात पन्नास ओढी जास्त काढाव्या लागायच्या.

कंबर सुटली. आठवड्याला किलोभर, कधी सव्वा, कधी अर्धाच, पण काटा खाली येत गेला. शिवाय बाईंच्या सांगण्यावरून सकाळी कामावर जाताना ते दोन थांबे आधी उतरून चालू लागले. सिग्नलवाला एक दिवस स्टोअरमध्ये हेल्मेट घ्यायला आला आणि बघतच राहिला. "गगनराव, तुमचा पट्टा कमरेवरून घसरतोय."

"भोकं संपली. नवीन पाडावं लागेल," गगनराव म्हणाले, आणि हे वाक्य म्हणताना आपल्याला किती आनंद झाला ते त्यांनी त्याला कळू दिलं नाही.

चार महिन्यांनी ते डॉक्टरांपुढे उभे राहिले. बूट काढले, खिशातल्या किल्ल्या काढल्या, घड्याळ काढलं. चष्मा काढायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाला, "तो राहू द्या, नाहीतर आकडा दिसायचा नाही." आकडा अठ्ठ्याण्णव आणि वर थोडे ग्रॅम. डॉक्टरांनी त्यांना पाच मजले चढून यायला लावलं, नाडी बघितली, कागदावर सही केली.

सोमवारी सकाळी गगनराव शिडी चढले. मध्ये एकदा थांबले. दम लागला म्हणून नव्हे, शहरावर धुकं पसरलं होतं आणि त्यातून फक्त उंच इमारतींची टोकं वर आली होती, ते बघायला. केबिनमध्ये खुर्ची बदलीच्या चालकाने पुढे ओढून ठेवली होती. ती त्यांनी मागे घेतली, दांडे हलवून पाहिले, काच पुसली. वॉकीटॉकी खरखरली.

"तयार?"

"तयार."

पहिलं काम खिडकीच्या काचांचं होतं. तावदानांचा एक उभा गठ्ठा, बाविसाव्या मजल्यावर न्यायचा. गगनरावांनी ढील काढली, थांबले, गठ्ठा सरळ झाल्याचं बघितलं आणि उचलला. बाविसाव्या मजल्यावरच्या माणसांनी हात वर केले, गठ्ठा त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला.

दुपारी जेवायला ते खाली उतरले. सगळ्यांना नवल वाटलं. सिग्नलवाल्याने सरकून जागा दिली, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा दोघं शेजारी बसून जेवले. वॉकीटॉकीवर इतकी वर्षं बोलून झाल्यावर समोरासमोर काय बोलावं ते आधी दोघांनाही सुचेना. मग सिग्नलवाल्याने त्याच्या मुलीच्या लग्नाचा विषय काढला, आणि डबे रिकामे होऊन भोंगा वाजला तरी तो विषय संपला नव्हता.