डावी बाजू वर

सुहास खळदकर फोनवर बोलताना कमरेतून वाकायचा. पलीकडे जपानचा ग्राहक असो, बँकेतली बाई असो, की कात्रजहून "येताना दूध आण" म्हणून सांगणारी त्याची आई असो, फोन ठेवण्याआधी तीनदा वाकणं ठरलेलं. ऑफिसात तो नवा होता तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याची कंबर धरली आहे. मी विचारलंही, "पाठ दुखते का हो?" तर म्हणाला, "पाठीला काय झालंय? माणूस ताठ उभा असला की आवाज वाकत नाही, कुलकर्णीबाई. करून बघा."

हा लेख मी सूड म्हणून लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. आमचे सरव्यवस्थापक इनामदारसाहेब या महिन्यात निवृत्त होत आहेत. त्यांच्या गौरवाची स्मरणिका निघते आहे आणि "मॅडम, आपल्या ऑफिसातल्या एखाद्या अविस्मरणीय व्यक्तीवर काहीतरी गोड लिहा" असा मला निरोप आला. व्यक्ती कोण, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. नाव लिहून दिलं नाही, ही त्यांची चूक.

आमचं ऑफिस पुण्यात, येरवड्याला. जपानी कंपनीला यंत्राचे सुटे भाग पुरवणारं. सुहास तिथे पत्रांची भाषांतरं करायचा. वय पस्तिशीचं, केस कपाळावर आलेले, टेबलावर तलवार उगारलेल्या तीन प्लास्टिकच्या बाहुल्या. डबा चौकोनी रुमालात गाठ मारून आणायचा आणि मटकीची उसळ दोन काड्यांनी खायचा, एकेक दाणा उचलून. आमचं जेवण होऊन बडीशेप खाऊन व्हायची, तरी याची अर्धी वाटी शिल्लक. जपानी तो कार्टून बघून शिकला आणि मग एकामागून एक सगळ्या परीक्षा पास झाला. कार्टून बघून कुठे भाषा येते का, असं कुणी म्हटलं की म्हणायचा, "तुम्ही मराठी काय व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलात? आईच्या शिव्या ऐकूनच ना?"

अशा माणसाला इंटरनेटवर एक शब्द आहे. जपानशी रक्ताचा संबंध नाही, पण तिथली कार्टून, कॉमिक्स, गाणी यांनी झपाटलेला, त्याला हिणवून 'वीबू' म्हणतात. हा शब्द ऑफिसात मी आणला. माझ्या मुलीकडून ऐकला होता, जेवताना हसण्यासारखं म्हणून सांगितला. सुहासही हसला. इनामदारांनी मात्र तो उचलला आणि पाच वर्षं खाली ठेवला नाही. "आमचा वीबू" अशी ते पाहुण्यांना त्याची ओळख करून देत. "जरा वाकून दाखव रे" म्हणत. एकदा त्याची एक बाहुली नेऊन पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दारावर टांगली. सुहासने ती काढली, धुतली, पुसली आणि परत टेबलावर ठेवली.

सुहासला एकच गोष्ट हवी होती. दर दोन वर्षांनी आमच्याकडून एक माणूस जपानच्या कारखान्यात दोन वर्षांसाठी जातो. त्याने दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा इनामदारांनी सही केली नाही. "कार्टून बघणारा माणूस पाठवून नाक कापून घेऊ का?" हे ते त्याच्यासमोर म्हणाले. मी तापले होते. "तुम्हाला राग येत नाही का हो?" तो काड्या पुसत म्हणाला, "राग भातासारखा असतो. सारखं झाकण काढून बघितलं की कच्चा राहतो." मी म्हटलं, "म्हणजे शिजवताय तर!" तर म्हणे, "छे हो. मला जायचंय. ज्याला गावाला जायचंय तो चुलीशी कशाला बसेल?"

शिजवत मी होते. तो शब्द मी आणला होता ना.

तिसरा अर्ज इनामदारांच्या टेबलावर असतानाच वार्षिक समारंभ आला. जपानहून चार पाहुणे यायचे होते. त्यांतले वडीलधारे ओगावासान सुहासची पत्रं वाचून त्याला नावानिशी ओळखत. इनामदारांनी किमोनो घालून भाषण करायचं ठरवलं. मग सुहासने आम्हा सगळ्यांनाच एका शनिवारी किमोनो शिकवला. इनामदार तेवढे आले नाहीत. "हा घालायचा नसतो, नेसायचा असतो. उजवी बाजू आधी आत, मग आपली डावी बाजू वर. उलटं झालं की संपलं. उजवी वर फक्त मढ्याची असते. तिकडे मेलेल्या माणसाला तसं नेसवून निरोप देतात." कुणीतरी हसलं, तेव्हा पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "हसू नका. कुणाच्या बारशाला तिरडी घेऊन जाल का?"

समारंभाच्या दिवशी सुहासने इनामदारांना किमोनो नेसवला. चोख, एक सुरकुती नाही. मग तो दुभाष्याचं काम करायला रंगमंचाकडे गेला. इनामदार आरशासमोर उभे. मला म्हणाले, "अहो कुलकर्णी, हे बरोबर आहे का बघा जरा. त्या वीबूचा काही भरवसा नाही. माझं हसं करायचा डाव असेल त्याचा."

मी बघितलं. डावी बाजू वर होती.

"साहेब, उलटं नेसवलंय," मी म्हणाले.

"बघा! म्हटलं नव्हतं?"

मी पट्टा सोडला, उजवी बाजू वर घेतली आणि पुन्हा घट्ट बांधलं. खरं सांगायचं तर इतकं समाधान मला क्वचितच मिळालं आहे.

इनामदार रंगमंचावर आले. आमच्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. चार पाहुण्यांचे हात मात्र टाळीसाठी उचललेले तसेच राहिले. ओगावासानांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. त्यांच्या आईला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते, हे मला नंतर कळलं. एक तरुण पाहुणा उठून इनामदारांच्या कानाशी लागला. इनामदारांचा चेहरा उतरला आणि माईक चालू आहे याचंही भान न ठेवता ते ओरडले, "ह्यानेच सगळ्यांना उलटं शिकवलं! मुद्दाम केलं!"

सुहासने इनामदारांच्या पट्ट्याची गाठ बघितली. ती त्याची नव्हती. मग माझ्याकडे बघितलं, चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. मी ते पाठीमागे घेतले. तो नेहमी म्हणायचा, "पाहुण्यांसमोर कोण चुकलं ते शोधत बसायचं नसतं, आधी माफी मागायची." तो ओगावासानांसमोर गेला आणि वाकला. इतका वेळ वाकलेला मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. जपानीत म्हणाला, चूक माझी आहे. एवढं जपानी मला त्यानेच शिकवलं होतं.

त्याच्या अर्जावर सही आधीच झालेली होती, हेही मला मागाहून कळलं. ओगावासानांनी आग्रह धरून ती आठवड्यापूर्वीच करून घेतली होती आणि नेमणुकीचं पत्र त्या संध्याकाळी ते स्वतःच्या हाताने देणार होते. इनामदारांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. पत्र ओगावासानांच्या खिशातून जपानला परत गेलं.

आठवड्याभरात सुहासने राजीनामा दिला. बाहुल्या रुमालात बांधून तो माझ्या टेबलाशी आला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "गाठ मात्र छान मारली होतीत. त्या शनिवारी एवढं नीट कोणीच शिकलं नाही." तीनदा वाकला आणि गेला.

आता तो धायरीला दोन खोल्यांत जपानी शिकवतो. दारावर पाटी आहे: 'येथे जपानी शिकवले जाते. कार्टून बघणाऱ्यांना हसणाऱ्यांनी चपला न काढताच परत जावे.' मी दोनदा जिना चढून गेले. आतून पोरांचा गलका ऐकू येत होता. दोन्ही वेळा पाटी वाचली आणि चपला न काढताच उतरले.

तर इनामदारसाहेब, सुहास खळदकरने तुम्हाला नीट, जिवंत माणसासारखं नेसवलं होतं. मढं तुमचं मी केलं, तुमच्याच हुकमावरून. तुमचा एका माणसावर विश्वास असता तर माझा डाव फसला असता. तुमची फजिती केल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण त्याचं जपान मी घालवलं आणि त्यानंतर आणखी पाच वर्षं पगार घेत गप्प बसले, त्याची शिक्षा मला कुणी दिली नाही, म्हणून ती इथे सहीनिशी मागून घेते आहे. लेखासोबत फोटो मागवला आहे, तोही जोडला आहे.

स्मरणिकेत हे छापणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून एक प्रत ओगावासानांना पाठवली आहे, शब्दकोश समोर ठेवून जमेल तशा जपानीत, चुकांसकट. दुसरी घेऊन रविवारी धायरीला जाते आहे. चपला काढायच्या की नाही, ते दार उघडल्यावर तो सांगेल.